सुडाची प्रेरणा आणि वैराचा हिशेब



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगलप्रसंगी 'सूड' हा कटू विषय कशाला, असे काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मी मानसशास्त्राचा अभ्यासक नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन कापडाच्या पेढीवर आयुष्य घालवलेला एक साधा व्यापारी आहे. परंतु उधारी आणि वसुली यांच्या सहवासात एक गोष्ट सतत जाणवत आली. पैशाचे येणे माणूस कधी ना कधी बुडीत खात्यात टाकतो. अपमानाचे येणे मात्र तो मुलांच्या नावावर वर्ग करून जातो. असे का होते, याचा आज आपण विचार करू.

सूड हा केवळ दुर्गुण आहे असे म्हणून आपण मोकळे होतो. पण निसर्गाने ही प्रेरणा माणसात विनाकारण ठेवलेली नाही. मनुष्य हजारो पिढ्या लहान टोळ्यांतून राहिला. तेथे ना पोलीस होते, ना न्यायालय. ज्याचा शिकारीतला वाटा कोणी हिसकावला आणि ज्याने ते निमूटपणे सोसले, त्याचाच वाटा पुन्हा हिसकावला जाई. वास्तविक एका वाट्यासाठी जीव धोक्यात घालणे हा तोट्याचाच व्यवहार. पण प्रत्येक वेळी नफातोटा मोजून माघार घेणाऱ्याच्या धमकीला कोण भीक घालणार? हिशेब न पाहता उसळणारा संताप हीच त्या काळची पत होती. उत्क्रांतीच्या अभ्यासकांच्या मते सुडाचे मूळ प्रयोजन पुढचा आघात टाळणे हे आहे. मागचा आघात तर कोणत्याच सुडाने पुसला जात नाही.

१९८० च्या सुमारास अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणकावर एक स्पर्धा घेतली. सहकार्य करावे की दगा द्यावा, हे प्रत्येक फेरीत ठरवणारे कार्यक्रम त्यांनी तज्ज्ञांकडून मागवले. सर्वांत साधा कार्यक्रम विजयी ठरला. अनातोल रापोपोर्ट यांच्या त्या कार्यक्रमाला आपण 'जशास तसे' म्हणू. पहिली फेरी विश्वासाची. नंतर समोरचा जसा वागेल तसे आपण वागायचे. विशेष हे की, समोरचा सुधारताच हाही मागचे सारे विसरतो. मात्र यात एक उणीव आढळली. एकाही चालीचा गैरसमज झाला की दोघेही परस्परांना शिक्षा करीत राहतात. म्हणून १९९२ साली मार्टिन नोवाक आणि कार्ल सिग्मंड यांनी दाखवून दिले की, चुका होणाऱ्या जगात अधूनमधून दगा पोटात घालणारा उदार 'जशास तसे' अधिक टिकतो. क्षमाही निसर्गातलीच आहे. नेदरलँड्समधील आर्नहेम येथील प्राणिसंग्रहालयात फ्रान्स द वाल यांनी १९७० च्या दशकात चिंपांझींचे निरीक्षण केले, तेव्हा भांडणानंतर थोड्याच वेळात तेच प्रतिस्पर्धी एकमेकांना कवटाळताना त्यांना दिसले.

मग माणसाचा सूड थांबत का नाही? याची दोन कारणे प्रयोगांतून पुढे आली आहेत. पहिले कारण त्याची गोडी. २००४ साली झुरिच येथील संशोधकांनी, फसवणूक करणाऱ्यास दंड करताना माणसाच्या मेंदूत काय घडते ते तपासले. बक्षिसाच्या अपेक्षेशी निगडित असा मेंदूचा भाग तेव्हा कार्यरत झालेला आढळला; काहींनी तर हा दंड करण्यासाठी पदरचे पैसे मोजले. पण २००८ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात उलट बाजू दिसली. ज्यांना दंड करण्याची संधी मिळाली, त्यांची मनःस्थिती संधी न मिळालेल्यांपेक्षा वाईट राहिली, कारण ते त्या फसवणाऱ्याचाच विचार करीत बसले. अपेक्षा गोड असते. प्राप्ती कडू निघते.

दुसरे कारण आपल्या मापाचे. २००३ साली लंडनमध्ये एक सोपा प्रयोग झाला. दोघांनी आळीपाळीने एकमेकांचे बोट दाबायचे, जेवढा दाब आला तेवढाच परत द्यायचा. दोघेही प्रामाणिक असूनही दाब प्रत्येक फेरीला वाढतच गेला. स्वतः दिलेला दाब आपल्याला कमी जाणवतो आणि दुसऱ्याचा पुरता. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर घेताना एक गज आणि देताना दुसरा गज, आणि दोन्ही गज आपल्याला सारखेच वाटतात!

या चुकीच्या मापाची किंमत आपल्या महाराष्ट्राने मोजली आहे. त्याचा एक साक्षीदार, वसईचा किल्ला, आपल्यापासून फार दूर नाही. १७९७ साली पुण्यात शिंद्यांच्या फौजेने मल्हारराव होळकर यांस ठार केले. एप्रिल १८०१ मध्ये त्यांचे बंधू विठोजी यांना दुसऱ्या बाजीरावाने हत्तीच्या पायी दिले. यशवंतराव होळकर या दोघांचे भाऊ. त्यांचे दुःख खरे होते, तक्रारही न्याय्य होती. १८०१ च्या जुलैत त्यांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या फौजेस धूळ चारली, तर ऑक्टोबरात शिंद्यांच्या सैन्याने इंदूर लुटले. अखेर २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरच्या लढाईत यशवंतरावांनी शिंदे-पेशव्यांचा पराभव केला. बाजीरावाने परत यावे असा त्यांचा प्रयत्न होता. पण ज्याचा भाऊ आपण हत्तीच्या पायी दिला, त्याच्या शब्दावर बाजीरावाचा विश्वास कसा बसावा? तो इंग्रजांच्या आश्रयास वसईला गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने तह केला. त्यान्वये सहा हजारांची इंग्रजी फौज आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख देऊन स्वातंत्र्य गहाण पडले. १८०३ साली शिंदे व भोसले इंग्रजांशी लढले, तेव्हा होळकर अलिप्त राहिले. १८०४ मध्ये होळकर लढले, तेव्हा शिंद्यांचे बळ खचलेले होते. १८१८ साली पेशवाई संपली. एकट्या सुडाने राज्य बुडाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. मात्र प्रत्येक जण मागची बाकी वसूल करीत असताना दुकानच तिसऱ्याच्या हाती गेले, एवढे निश्चित.

टोळीत निदान सूड अपराध्यावर तरी पडत असे. लाखोंच्या शहरात तोही धरबंध सुटतो. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईत सुमारे ९०० माणसे मारली गेली. त्याचा सूड म्हणून १२ मार्च १९९३ रोजी झालेल्या स्फोटांत २५७ जण गेले. झवेरी बाजारात वा शेअर बाजाराबाहेर उभ्या असलेल्यांचा कोणाशी कसला हिशेब होता? १३ मार्च २००३ रोजी याच आपल्या मुलुंड स्थानकात लोकलच्या महिलांच्या डब्यात स्फोट झाला. कामावरून घरी परतणाऱ्या त्या भगिनींनी कोणाचे काय घेतले होते?

मग अन्याय सोसावा काय? मुळीच नाही. वसुली आणि सूड यांत भेद आहे. न वटलेल्या चेकसाठी आपण कलम १३८ खाली दावा करतो. त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. पण त्याच कायद्यात २००२ साली कलम १४७ आले आणि तडजोडीचे दार उघडे ठेवले गेले. शिक्षेला मर्यादा, मोजमाप तिसऱ्याच्या हाती आणि परतीची वाट मोकळी, या तीन गोष्टी जेथे आहेत तेथे न्याय. त्या जेथे नाहीत तेथे सूड, मग त्याला आपण कोणतेही भारदस्त नाव देवो. बाजारातले भागीदार आणि घरातले भाऊ दुकानाच्या किमतीपेक्षा अधिक रक्कम दाव्यांवर खर्च करतात, तेव्हा त्यांनाही हीच कसोटी लावून पाहावी : माझ्या या पावलाने पुढचा आघात टळेल की ओढवेल?

आठव्या शतकात हरिभद्रसूरींनी प्राकृतात 'समराइच्चकहा' रचली. तिच्यातील अग्निशर्मा हा थोर तपस्वी. राजा गुणसेनाने त्यास पारण्याचे निमंत्रण दिले, पण काही ना काही कारणाने तीन वेळा पारणे घडले नाही. पूर्वी याच राजाने आपली थट्टा केली होती, हे अग्निशर्म्याला आठवले आणि योगायोग त्यास कट भासला. त्याने आपले सारे तप सुडाच्या संकल्पासाठी खर्ची घातले आणि ते वैर नऊ जन्म चालले. संगणकाने विसाव्या शतकात दाखवलेली गैरसमजाची साखळी आपल्या आचार्यांनी बाराशे वर्षांपूर्वी ओळखली होती.

सूड ही निसर्गाने दिलेली जुनी ढाल आहे. तिची लाज बाळगण्याचे कारण नाही, पण पुढच्या पिढीच्या हाती ती देण्याचेही कारण नाही. आज येथे आजोबा आणि नातवंडे शेजारी बसली आहेत. आजोबांनी नातवंडांना दुकान द्यावे, पत द्यावी, नाव द्यावे. वैराची बाकी मात्र आपल्या हयातीतच मिटवून जावी, एवढीच नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!