नंदलाल बोस, ऋतू आणि मुलांचे हात



'थोर चित्रकारांची ओळख' हा उपक्रम अनेक शाळांतून रूढ झाला आहे. बहुधा एखाद्या प्रसिद्ध चित्राची छापील बाह्यरेखा मुलांपुढे ठेवली जाते आणि तीत रंग भरून घेतले जातात. ऋतूंचीही तीच गत. आश्विनात अंगणी झेंडू फुललेला असतो आणि वर्गाच्या भिंतीवर मेपलची तांबडी कागदी पाने चिकटवली जातात! ज्या मुलाने मेपल कधी पाहिलाच नाही, त्याच्या दृष्टीने ती पाने म्हणजे केवळ कात्रीकाम होय.

यात दोष परदेशी चित्रकारांचा नाही. व्हॅन गॉग १८८८ मध्ये आर्ल येथे राहावयास गेला, तेव्हा वसंतात त्याने बहरलेल्या फळबागा रंगविल्या आणि जूनमध्ये सुगीची शेते. दाराबाहेर जे होते, तेच त्याच्या चित्रफलकावर उतरले. अनुकरण करावयाचे ते या पाहण्याचे.

हीच दृष्टी भारतीय भूमीत नंदलाल बोस यांनी आयुष्यभर जोपासली. १८८२ मध्ये बिहारातील खरगपूर येथे जन्मलेले, अवनींद्रनाथांचे हे शिष्य १९२२ पासून १९५१ पर्यंत शांतिनिकेतनातील कलाभवनाचे प्रमुख होते. श्रीनिकेतनातील त्यांच्या भित्तिचित्राचा विषय आहे हलकर्षण, म्हणजे नांगरणीचा उत्सव. रवींद्रनाथांच्या 'सहज पाठ' या १९३० च्या बालपुस्तकासाठी त्यांनी केवळ काळ्या-पांढऱ्यात ठसाचित्रे केली. खानदेशाला तर त्यांचे विशेष स्मरण असावयास हवे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर या खेड्यात भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट त्यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून साकारली. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी हातकागदावर मातीच्या रंगांनी शिंपी, सुतार, ढोलवादक रंगविले. खेडुतांना आपलेच जीवन तेथे टांगलेले दिसले.

मुलांना हरिपुऱ्याच्या चित्राची नक्कल करावयास लावण्यापेक्षा तो रंग करावयास शिकविणे अधिक मोलाचे. त्यास खर्च नाही. गेरू, पिवळी माती, दिव्याची काजळी आणि पांढऱ्यासाठी खडूची पूड एवढे पुरे. माती वाटून फडक्यातून चाळावी. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवून गाळून घ्यावा आणि थोडा थोडा मिसळावा. सुकलेला रंग बोटाला लागला तर डिंक कमी पडला. त्याला तडे गेले तर अधिक झाला. हे प्रमाण कोणी सांगू नये, मुलाच्या बोटानेच ते शोधावे. कुंचला म्हणून काडीचे टोक ठेचून घेतले तरी भागते, आणि त्या जाड रेषेत एक धिटाई आपोआप येते.

ऋतू मग वेगळा शिकवावा लागत नाही. फाल्गुनात पळसाखाली पडलेली फुले रात्रभर भिजवून उकळली की पिवळा-केशरी रंग उतरतो. पावसाळ्यानंतर पारिजातकाचे देठ असतात. हळदीच्या पाण्यात चुना पडताच ते तांबडे होते. हे पाहताना मुलांचे डोळे विस्फारतात (चुना मात्र मोठ्यांनीच हाताळावा). पोळ्यापूर्वी मातीचा बैल घडविताना ज्या मुलाने खरा बैल निरखला नाही, त्याचे वशिंड हमखास चुकते. ते चुकू द्यावे, आणि मुलाला गोठ्यापर्यंत न्यावे. शहरात गोठा नसेल, तर दारावरून जाणारा नंदीबैल पुरेसा आहे.

खरी अडचण घरात आहे. प्रकल्प सादर करण्याच्या आदल्या रात्री आई-वडीलच कागद कापीत बसतात, मूल शेजारी झोपलेले असते. दुसऱ्या दिवशी शिक्षक त्या सफाईला शाबासकी देतात. परक्या हातांच्या कामाचे श्रेय निमूटपणे स्वीकारावयाचे, हा धडा त्या मुलाला त्या दिवशी मिळतो. चित्रकलेची हानी त्यापुढे क्षुल्लक म्हणावी लागेल.

म्हणून प्रदर्शन मांडावयाचे झाल्यास क्रमांक लावू नयेत. प्रत्येक चित्राखाली मुलाचे नाव, महिना आणि माती कोठून आणली एवढेच लिहावे. ओढ्याकाठची, शाळेमागची, मामाच्या शेतातली.