गाडी धुतल्यावरचे पाणी

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे तालुक्याच्या गावांना जोडणाऱ्या रस्त्यांवर एक नवा धंदा उभा राहिला आहे. पत्र्याची शेड, सिमेंटचा रॅम्प, कोपऱ्यात बोअर, त्यावर चालणारा प्रेशर पंप आणि दर्शनी बाजूला ‘वॉशिंग सेंटर’ अशी पाटी. भांडवल बेताचे लागते, दोन हुशार पोरे हाताशी असली की काम चालते, आणि रविवारी तर गाड्यांची रांग लागते. मी भूगोल शिकवतो. पण ह्या धंद्यातला कच्चा माल पाणी आणि टाकाऊ मालही पाणीच. आणि पाणी कुठून निघून कुठे जाते हे पाहणे आमच्या विषयात येतेच.

माझा एक जुना विद्यार्थी असाच धंदा काढण्याच्या बेतात असताना भेटायला आला. पतसंस्थेचे कर्ज मंजूर झालेले, पंपाचे आगाऊ पैसे दिलेले, आणि चार दिवसांनी गवंडी काँक्रीट ओतणार होता. मी विचारले, “अरे, धुतलेलं पाणी सोडणार कुठं?” तो म्हणाला, “सर, ते काय, गटारीला जातंय की!”

आता गटार म्हणजे कोणते गटार? आपण बोलताना दोन अगदी वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो. संडास-मोरीचे पाणी नेणारी जमिनीखालची ड्रेनेजची नळी वेगळी, आणि रस्त्याच्या कडेची पावसाळी गटार वेगळी. पहिलीतले पाणी, निदान मोठ्या शहरात, शुद्धीकरण केंद्राकडे न्यायचे असते. दुसरीच्या वाटेत तसे काही नसते. ती जवळच्या ओढ्यात रिकामी होते. कोल्हापूरच्या आसपासचा कोणताही ओढा घ्या, तो बहुधा पंचगंगेच्या वाटेला लागतो. पंचगंगेच्या काठी खाली इचलकरंजी आहे, आणि पुढे नरसोबाच्या वाडीला ती कृष्णेला मिळते. रॅम्पवरून निघालेले काळे पाणी एवढा लांबचा प्रवास करते, ही कल्पना पंप विकणारा देत नाही. त्याने ती द्यावी अशी अपेक्षाही नाही.

विद्यार्थ्याचे दुसरे म्हणणे असे, की त्याच्या जागेमागचा ओढा आठ महिने कोरडाच असतो, तेव्हा तिथे सोडले तर कोणाचे काय जाते? ह्याचे उत्तर कायद्याने आधीच देऊन ठेवले आहे. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा १९६९ सालीच केला होता. केंद्राचा कायदा १९७४ चा. ह्या १९७४ च्या कायद्यात ‘प्रवाह’ ह्या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत नदी आणि समुद्र तर आहेतच, पण तूर्त कोरडा असलेला ओढा आहे आणि जमिनीखालचे पाणीसुद्धा आहे. भूगोलाच्या माणसाला कायद्याचे पुस्तक वाचून आनंद व्हावा असे प्रसंग थोडे. हा त्यांतला एक.

जमिनीखालचे पाणी हा मुद्दा जरा समजून घेतला पाहिजे, कारण गावात ड्रेनेज नसली की लोक सरळ शोषखड्डा खणतात. वाळूच्या थरातून पाणी थोडेफार गाळून तरी निघते. आपला काळा पाषाण तसे करत नाही. त्याच्या भेगांतून आणि सांध्यांतून पाणी वाट काढते, आणि ती वाट शेजाऱ्याच्या विहिरीकडे जाईल की मालकाच्या स्वतःच्या बोअरकडे, हे वरून सांगता येत नाही.

बरे, प्रमाण किती? साधा हिशेब करू. लहान प्रेशर पंप मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी फेकतो. एका दुचाकीला पाच मिनिटे गन चालली, तर साठ लिटर. दिवसाला २० गाड्या झाल्या, तर १२०० लिटर. पर्यावरण संरक्षणाच्या १९८६ च्या नियमांतील सर्वसाधारण मर्यादेप्रमाणे नदी-ओढ्यांत सोडायच्या पाण्यात दर लिटरला तेल आणि ग्रीस १० मिलिग्रॅम, तर तरंगता गाळ १०० मिलिग्रॅम, यापेक्षा अधिक चालत नाही. सार्वजनिक ड्रेनेजसाठी हेच आकडे २० आणि ६०० आहेत. म्हणजे ओढ्याच्या बाबतीत १२०० लिटरांमागे तेल फक्त १२ ग्रॅम! खोकल्याच्या औषधाचे टोपण भरेल एवढे, आणि तेही दिवसभराचे मिळून. आता पुष्कळ ठिकाणी मालगाडीच्या खालच्या अंगाला डिझेल फवारून मग पाणी मारतात. एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ८३० ग्रॅम. जवळजवळ सत्तर दिवसांचा वाटा एका ट्रकखाली संपला. माझ्या मते ही डिझेल मारण्याची रीत लहान धंदेवाल्याने पहिल्या दिवसापासूनच ठेवू नये. गिऱ्हाईक मागेल, तरी नाही.

उरलेल्या तेलासाठी तीन कप्प्यांची हौदी बांधतात. पहिल्या कप्प्यात चिखल-वाळू तळाला बसते. दुसऱ्यात तेल वर तरंगते, आणि तोंड खाली वळवलेल्या नळीतून खालचे पाणी तेवढे पुढे जाते. तिसरा कप्पा पाहण्यासाठी आणि नमुना घेण्यासाठी. युक्ती जुनी आहे, सोपी आहे, आणि गवंड्याला समजावता येते. पण तिचा एक शत्रू आहे, तो म्हणजे साबण. शाम्पूचा फेस आणि गनचा जोर मिळून तेलाचे इतके बारीक थेंब करतात की ते वर यायलाच तयार नसतात. थेंबाचा व्यास दहा पट कमी झाला, की त्याचा वर येण्याचा वेग शंभर पट कमी होतो. मग हौदी कितीही चांगली बांधा, दुधाळ पाणी तिच्यातून जसेच्या तसे निघून जाते. म्हणून चिखल आधी खरवडून काढावा, इंजिनाजवळचे तेल चिंध्यांनी पुसून घ्यावे, आणि मग पाण्याला हात घालावा. जे पाण्यात गेलेच नाही ते पाण्यातून काढावे लागत नाही. पोरांना हे कंटाळवाणे वाटते. त्यांना गन चालवायची हौस असते.

आणि पावसाचे काय? उघड्या रॅम्पचा हिशेब आषाढात पार बिघडतो. १०० चौरस मीटर जागेवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५००० लिटर पाणी झाले, म्हणजे चार दिवसांच्या धुण्याहून जास्त. ते एकदम हौदीत शिरले की साठलेले तेल आणि गाळ उसळून बाहेर. तेव्हा वर पत्रा हवा, आणि भोवती चार-सहा इंचांचा उंबरा हवा, म्हणजे बाहेरचे पाणी आत येणार नाही आणि आतले बाहेर जाणार नाही. फरशीचा उतार आत, हौदीकडे. गवंडी सवयीने रस्त्याकडे देतो.

परवानगीचे काम ह्याच टप्प्यावर करायचे असते, फरशी वाळल्यावर नव्हे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती दोनदा घ्यावी लागते: एकदा स्थापनेची, म्हणजे बांधण्यापूर्वी, आणि एकदा धंदा चालवण्याची. अर्ज आता संगणकावरूनच भरतात. नुसते धुणे आणि धुण्याबरोबर दुरुस्ती किंवा ऑईल बदलणे ह्यांत फरक पडतो, म्हणून आपण काय काय करणार हे खरे-खरे लिहून मंडळाच्या आपल्या भागातल्या कार्यालयात आपला वर्ग कोणता ते विचारून घ्यावे. पुढे संमतिपत्रात जे आकडे आणि ज्या अटी येतील त्या आपल्याला लागू. वर सांगितलेल्या आकड्यांपेक्षा त्या कडक असू शकतात. शहरात ड्रेनेजला जोडायचे तर महापालिकेची परवानगी निराळी. हे सगळे कर्जाचा हप्ता सुरू होण्यापूर्वी झालेले बरे, नाहीतर बंद शटरवरही व्याज चालू राहते.

माझा विद्यार्थी थोडा हिरमुसला. उतार फिरवायचा, हौदी खणायची, म्हणजे खर्च वाढला आणि मुहूर्तही टळला. पण काँक्रीट ओतलेले नव्हते, ही त्याची सोय होती. ओतलेली फरशी फोडून उतार उलटा करायचा तर मजुरी दुप्पट.

हौदी बांधली म्हणजे काम संपले असेही नाही. वरचे तेल काढून झाकणाच्या पिंपात ठेवावे लागते. घातक कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे असा माल साधारणतः ९० दिवसांपेक्षा अधिक साठवता येत नाही, आणि तो अधिकृत प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावा लागतो. भंगारवाल्याला नव्हे, होळीलाही नव्हे. तेलकट चिंध्या आणि हौदीच्या तळचा काळा गाळ शेताच्या बांधावर टाकण्याचा मोह होतो, तोही टाळावा. तेल कधी काढले, किती निघाले, कोणाला दिले, हे एका वहीत तारखेसह लिहून पावती चिकटवून ठेवावी. तपासणीला कोणी आले तर ती वही दाखवता येते.

शेवटची गोष्ट अगदी किरकोळ, पण हौद्या पाहत हिंडल्यावर लक्षात आलेली. कप्प्यांवरची झाकणे हलकी करावीत, एकट्या पोराला उचलता येतील अशी. काँक्रीटची जड लादी घातली, की ती उचलायला दोन माणसे लागतात, दोन माणसे एका वेळी मोकळी सापडत नाहीत, आणि मग दिवाळीला घातलेली लादी पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोणी हलवत नाही.