उंसाच्या फडावरील बालकें



आजच्या मंगल प्रसंगीं आनंदाचे शब्द बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही आपलें लक्ष एका लहानशा ताटाकडे वळवूं इच्छितों.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनीं सुरू केली. त्यांत मेळघाटांतील धारणी हा एक होता. तिची गांवोगांवची खूण म्हणजे अंगणवाडी. तीन वर्षांच्या आंतील बालकास घरीं नेण्याचा शिधा, तीन ते सहा वर्षांच्या मुलांस ताजें शिजविलेलें अन्न, गरोदर व स्तनदा मातांस आहार, शिवाय वजन व लस यांची व्यवस्था तेथें असते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें या आहारास हक्काचें रूप दिलें व त्या वेळीं त्याचें माप ठरविलें होतें: सहा महिन्यांवरील बालकास दिवसाला ५०० किलोकॅलरी, कुपोषितास ८००.

परंतु दिवाळीच्या सुमारास काय होतें तें पाहा. बीडकडील उंसतोड कुटुंबें मुकादमाची उचल घेऊन माळशिरस, पंढरपूर, करमाळा या आपल्या तालुक्यांत येतात. नवराबायको पहाटेच कोयता घेऊन फडांत जातात. तान्हें मूल बांधावर, नाहीं तर कोपींत थोरल्या बहिणीच्या स्वाधीन. त्याचें नांव मूळ गांवच्या वहींत, पोट मात्र येथें! मोठ्या माणसास हे चारपांच महिने थोडे वाटतील. पण पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली वाढ पुढें क्वचितच पुरी भरून निघते.

कायद्यानें हक्क मुलाला दिला आहे, गांवाला नव्हे. म्हणून ज्या गांवीं कोप्या पडल्या, तेथील अंगणवाडी त्या बालकाची. परंतु दिवसभर फडांत राबणाऱ्या आईला हें सांगणार कोण? तें काम शेजाऱ्यांचें. आपल्यापैकीं ज्यांचे आप्त त्या गांवीं आहेत, त्यांनीं त्यांस एवढेंच सांगावें: कोप्यांवर जा, लहान मुलें किती तें पाहा, अंगणवाडीच्या सेविकाताईंस कळवा, आणि मुलांचें वजन व दंडाचा घेर त्यांच्याकडून मोजवून घ्या. सहा महिने ते पांच वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, तर विलंब न लावतां त्यास सरकारी दवाखान्यांत पोंचवा.

या हंगामांत असें एक जरी मूल वेळेवर तराजूंत बसलें व त्याच्या हातीं त्याचें अन्न पडलें, तरी आपला महोत्सव सार्थकीं लागला, असें आम्ही समजूं.