गाणी आपली, दुकान कुणाचं?

(कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या शिबिरांतली गाणी इंटरनेटवर विकायला ठेवावीत का, असा प्रश्न निघाला आहे. झोळीत कॅसेटी घालून त्या मोर्च्यांत विकणाऱ्यांपैकी मी एक. म्हणून आधी एका अमेरिकन कंपनीची हकिगत सांगते.

१९७३ साली वॉशिंग्टनमध्ये काही स्त्रीवादी बायकांनी 'ऑलिव्हिया रेकॉर्ड्स' सुरू केली. क्रिस विल्यमसनची 'द चेंजर अँड द चेंज्ड' ही त्यांची तबकडी १९७५ साली निघाली आणि खूप खपली. ती खपवली गावोगावच्या बायकांनी. खोकी घरात उतरवून घ्यायची, कार्यक्रमांत नि बायकांच्या पुस्तकदुकानांत तबकड्या विकायच्या, उधारी वसूल करायची. काम कंटाळवाणं, पण कोणत्या गावात कोण ऐकतं हे त्यांना नावानिशी ठाऊक असे. मला तर त्या गाण्यांइतकीच ती माणसं जोडणं मोलाचं वाटतं.

आता खोकी नकोत, तबकड्या छापायला कर्ज नको. ही सोय लहान नाही. तिला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा ती खोकी जिन्यावरून चढवून पाहावीत! पण मधला दलाल गेला, असं समजू नका. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला : मागच्या बारा महिन्यांत किमान १००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला पैसेच नाहीत. मोठ्या कंपन्यांना याची झळ काय लागणार? आपली गाणी मात्र नेमकी त्या रेषेखालची. शिवाय ऐकणारी कोण, हे स्पॉटिफायला कळतं. आपल्या हाती येतात ते आकडे.

'बँडकॅम्प' त्यातल्या त्यात बरं. तिथे गाणं थेट विकता येतं, डिजिटल विक्रीवर ते साधारण १५ टक्के घेतात. पण तेही २०२२ मध्ये एपिक गेम्सने घेतलं, २०२३ मध्ये साँगट्रॅडरने. या दुसऱ्या व्यवहारात जवळजवळ निम्म्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या.

तेव्हा गाणी जरूर ठेवू या. मात्र मूळ ध्वनिमुद्रणं दोन ठिकाणी आपल्या ताब्यात असावीत. जिच्याकडून ओवी घेतली त्या बाईचं नाव गाण्याबरोबर जावं, पैशांत तिचा वाटा किती हेही लेखी असावं. आणि ऐकणाऱ्यांच्या नावा-पत्त्यांची वही आपणच ठेवायची. ती कोण सांभाळणार, हे आज उठण्याआधी ठरवू.