गाव पडद्यावर येतं तेव्हा



स्कॉटलंडमध्ये फोर्थच्या खाडीवर बोनेस नावाचं लहानसं बंदर आहे. कोळशाच्या खाणी, चिनी मातीचे कारखाने आणि गोदी यांवर एके काळी पोट भरणारं हे कष्टकऱ्यांचं गाव. १९१२ साली तिथल्याच मॅथ्यू स्टील या वास्तुविशारदानं गोल आकाराचं एक चित्रपटगृह बांधलं, ‘हिपोड्रोम’. ते चालवायचे लुई डिक्सन. बाहेरून आलेली रिळं दाखवून गल्ला मोजण्यावर त्यांचं समाधान झालं नाही. ते स्वतः कॅमेरा घेऊन गावात उतरले.

बोनेसचा मोठा सण म्हणजे जूनअखेरची मुलांची जत्रा. तिथले खाणकामगार एके काळी कायद्यानं खाणमालकाशी बांधलेले असत. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते मोकळे झाले. जत्रेचं मूळ गाव त्या सुटकेत शोधतं. १८९७ पासून शाळेतल्या एका मुलीला राणी करून मुकुट घालतात, मिरवणूक निघते, घरांपुढे कमानी उभ्या राहतात. डिक्सन यांनी ही जत्रा चित्रित केली आणि आपल्याच पडद्यावर दाखवली.

त्या काळी ब्रिटनमधल्या अनेक चित्रपटगृहांचे व्यवस्थापक असं करत. कॅमेऱ्याचं हँडल हातानं फिरवायचं, साधारण सेकंदाला दोन फेरे. मिनिटाला साठेक फूट फिल्म जायची आणि फुटाफुटाला पैसे पडायचे. तो खर्च तिकिटांतून भरून काढायचा, म्हणून कॅमेरा गर्दीवरून सावकाश सरकवत न्यायचा, प्रत्येक चेहरा ओळखू येईल इतपत. जितके चेहरे, तितकी तिकिटं. कुणी म्हणेल, ही तर धंद्याची क्लृप्ती. होतीच ती! पण सरकारी चित्रणात लाटसाहेब मधोमध असतात आणि लोक कडेला. इथे गल्ल्याच्या ओढीनं का होईना, कडेचा माणूस मधे आला. अशा रिळांमध्ये हमखास दिसणारी एक गोष्ट सांगतो. एखादं पोर कॅमेऱ्यासमोरून जातं, थबकतं, टोपी हलवतं, आणि क्षणभरानं चौकटीच्या दुसऱ्या बाजूनं पुन्हा हजर होतं. मागून धावत गेलेलं असतं ते.

चित्रपट मुका होता, त्यामुळे प्रेक्षकांना बोलायची मुभा होती. ‘तो बघ आपला अमका’ असा ओरडा व्हायचा. प्रत्येक चेहऱ्याचं नाव त्या अंधारात घेतलं जायचं, फिल्मवर मात्र ते उमटायचं नाही. राणीचं नाव गाव नोंदून ठेवतं. टोपी हलवणाऱ्या पोराचं कोण नोंदवणार?

आता आपल्याकडे येऊ. मुंबईचे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा. त्यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती टिपली. फिल्म धुवायला विलायतेला पाठवावी लागली. डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला क्रमांक मिळवून सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ परांजपे मायदेशी परतले, तेव्हा चौपाटीवरचं त्यांचं स्वागत सावेदादांनी चित्रित केलं. पुढे बोरीबंदरसमोरचं गेइटी थिएटर, म्हणजे नंतरचं कॅपिटॉल, त्यांनी चालवलं.

डिक्सन यांच्या जत्रा आज स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या चित्रफीत संग्रहात आहेत. हिपोड्रोमही २००९ मध्ये डागडुजी होऊन पुन्हा सुरू झालं. सावेदादांची रिळं राहिली नाहीत. परांजप्यांचं नाव आपल्यापाशी आहे, त्या दिवशी चौपाटीवर जमलेल्या माणसांचा एकही चेहरा नाही. मला हे फार लागतं. देशात ज्यानं अगदी सुरुवातीच्या काळात कॅमेरा आपल्या माणसांकडे वळवला, त्याच्याच फिल्म आपण सांभाळू शकलो नाही.

आणि हे अजून चालूच आहे. तालुक्याच्या फोटो स्टुडिओवाल्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत व्हिडिओ कॅसेटवर जत्रा, पालख्या, विसर्जनं, शाळांची स्नेहसंमेलनं टिपली. त्या कॅसेट माळ्यावर पडल्या आहेत. दमट हवेत फितीला बुरशी धरते, आणि त्या लावायची यंत्रंही आता मिळेनाशी झाली आहेत. आपल्यापैकी कुणाकडे अशी कॅसेट असेल, तर ती आधी कोरड्या जागी हलवा. बुरशी दिसली तर यंत्रात घालू नका, जाणकाराकडून साफ करून घ्या. मग तिची डिजिटल प्रत करा आणि घरातल्या, आळीतल्या वडीलधाऱ्यांना एकत्र बसवून ती लावा. शेजारी कुणीतरी वही घेऊन बसा. कितव्या मिनिटाला कोण दिसतं, कुणाचा कोण, सगळं लिहून घ्या.