फळ्यावरची तारीख: वाचनालयासाठी वेब फीड

हा भाग तुमच्या पॉडकास्ट अ‍ॅपमध्ये आपोआप आला असेल, तर तो ज्या गोष्टीमुळे आला तीच आज बघायची आहे. वेब फीड, म्हणजे आपलं आरएसएस. पण सुरुवात करू वाचनालयापासून.

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखाली. तिथल्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेची पोरं दिवसभर बसतात, माझा चुलतभाऊही त्यातलाच. त्याचा एका भरतीचा अर्ज राहून गेला होता. जाहिरात वेबसाइटवर लागलेली, फॉर्म चांगले पंधरा दिवस चालू. याला कळलं व्हॉट्सअ‍ॅपच्या फॉरवर्डमधून, मुदत संपल्यावर दोन दिवसांनी. वयोमर्यादेत बसणारी ती त्याची शेवटची संधी होती. एवढा अभ्यास केला आणि अडलं कुठे, तर एका तारखेवर.

ग्रंथपाल काकांनाही ते लागलं होतं. ते रोज पेपर चाळून कात्रणं काढतात, महत्त्वाच्या तारखा फळ्यावर लिहितात. मला म्हणाले, "पेपरचं ठीक हाय रे बापा, पण एवढ्या वेबसाइटी मी रोज कितीक उघडू?"

उत्तर आहे फीड. फीड म्हणजे वेबसाइटने ठेवलेली एक साधी फाइल. तिच्यात नव्या मजकुराचं शीर्षक, लिंक, तारीख आणि थोडका सारांश असतो. फीड रीडर नावाचं अ‍ॅप ठरावीक वेळाने ती फाइल तपासतं आणि नवीन काही आलं की यादीत दाखवतं. पेपरवाला दारात पेपर टाकतो, तसंच. मोबाइल नंबर द्यावा लागत नाही, आणि काय दाखवायचं ते कंपनी ठरवत नाही, यादी तुमची. पॉडकास्टसुद्धा हेच आहे, फक्त फीडमध्ये ऑडिओ फाइलचा पत्ता जोडलेला असतो.

फीड शोधायची कशी? वेबसाइटचा पत्ता रीडरमध्ये टाका, बहुतेक वेळा तो स्वतःच शोधतो. नाही सापडली आणि साइट वर्डप्रेसवर असेल, तर पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहून बघा. यूट्यूब चॅनललाही फीड असते. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचीही आहे, चालू घडामोडींसाठी तिचा चांगला उपयोग होतो.

काकांबरोबर बसून चाळीस ठिकाणांची यादी केली. एकतीस ठिकाणी फीड मिळाली, नऊ ठिकाणी नाही. आणि जिथे भावाचा अर्ज हुकला, ती साइट नेमकी त्या नवांत निघाली! म्हणजे फीड काही जादू नाही. पण एकतीस ठिकाणची बातमी आपोआप यायला लागली, तेव्हा उरलेल्या नऊ साइट रोज सकाळी हाताने उघडायला काकांना वेळ मिळाला. खरा फायदा तो.

एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. चौथा नियम आहे, वाचकाचा वेळ वाचवा. आपल्याकडे 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगावी वाचनालयं आहेत. तिथे फीड रीडर चालवायला एक जुना कॉम्प्युटर आणि इंटरनेट पुरतं. ज्या ग्रंथालयात 'कोहा' हे मोफत सॉफ्टवेअर आहे, तिथे तर पुस्तकांच्या शोधालाही फीड मिळते. 'शेती' असा शोध घेऊन ठेवा, त्या विषयाचं नवीन पुस्तक नोंदलं गेलं की वाचकाला कळेल.

कात्रणांच्या फायलीलाही मदत होते. आपल्या लोणारचंच घ्या. 2020 च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, त्याच वर्षी ते रामसर यादीत गेलं. अशा विषयाचा वेगळा फोल्डर करून ठेवला, की शाळेतल्या पोराने प्रकल्पासाठी विचारलं तर माहिती तयार. फक्त महत्त्वाचं असेल ते प्रिंट काढून ठेवा, कारण फीडमध्ये जुन्या नोंदी टिकत नाहीत आणि लिंकही कधी बंद पडतात.

आणि एखादं अ‍ॅप बंद पडलं तर? 1 जुलै 2013 ला गुगल रीडर बंद झालं, पण वेबसाइटच्या फीड जागेवरच राहिल्या. ज्यांनी आपली यादी ओपीएमएल फाइलमध्ये उतरवून घेतली होती, त्यांनी ती दुसऱ्या रीडरमध्ये टाकली आणि काम चालू ठेवलं. हीच फाइल एक वाचनालय दुसऱ्याला देऊ शकतं. चिखलीत केलेली यादी मेहकरला चालेल, मलकापूरलाही.

काकांच्या फळ्यावर आता 'शेवटची तारीख' असा वेगळा रकाना आहे. भावाचा तो अर्ज काही परत येणार नाही. पण तो रोज सकाळी त्या नऊ साइट काकांबरोबर उघडून बघतो, आणि फळ्यावरच्या तारखा आता त्याच्याच अक्षरात असतात.

तुमच्या गावच्या वाचनालयात एकदा जा, अर्धा तास बसा आणि पहिल्या दहा फीड जोडून द्या. भेटू पुढच्या भागात.