बत्तीस अक्षरांची गळती

न्यूयॉर्कमध्ये स्टीफन क्रोन नावाचे एक चित्रकार राहत. १९८२ मध्ये त्यांचा जोडीदार वारला. कशाने, ते तेव्हा डॉक्टरांनाही धड सांगता येत नव्हते. ‘एड्स’ हे नाव त्याच वर्षी रूढ झाले. मग एकामागून एक मित्र गेले. आता पाळी आपली, असे क्रोन धरून चालले होते. पण ते आजारीच पडेनात.

असे का, हे विचारत ते स्वतःहून संशोधकांकडे गेले. १९९० च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या आरन डायमंड एड्स संशोधन केंद्रात बिल पॅक्सटन यांनी क्रोन यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घेतल्या आणि त्यांवर एचआयव्ही सोडला. मग मात्रा वाढवली. तरी पेशींना लागण होईना.

एचआयव्हीला पेशीत शिरताना बहुतेक वेळा ‘सीसीआर-५’ नावाच्या प्रथिनाचा आधार लागतो. दाराची कडी म्हणा ना. क्रोन यांच्या पेशींवर ही कडीच नव्हती. १९९६ मध्ये उलगडा झाला : हे प्रथिन घडवणाऱ्या जनुकातली ३२ अक्षरे काही माणसांत गळालेली असतात. आई आणि वडील दोघांकडूनही असे जनुक आले, तर कडी बसतच नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत असे शंभरात साधारण एक. एकाच बाजूने आले, तर लागण होते, पण आजार सावकाश वाढतो. आपल्याकडे ही गळती अगदी विरळा, तेव्हा त्या भरवशावर कुणी राहू नये! शिवाय एचआयव्हीच्या काही जातींना दुसरी कडीही चालते.

२००७ मध्ये बर्लिनमध्ये टिमोथी रे ब्राऊन या रुग्णाला रक्ताचा कर्करोग आणि एचआयव्ही, दोन्ही होते. डॉ. गेरो ह्युटर यांनी मुद्दाम असा दाता शोधला, ज्याच्या पेशींवर कडी नाही. त्याच्या मूळपेशी रुजल्या आणि ब्राऊन यांचा एचआयव्ही पुन्हा आला नाही. २०२० मध्ये ते गेले, ते उलटलेल्या कर्करोगाने. कडी झाकणारी मॅराव्हिरॉक ही गोळीही २००७ मध्येच बाजारात आली.

मग हे जनुक ‘चांगले’ म्हणायचे का? मला तो शब्दच पटत नाही. डासांमधून पसरणाऱ्या वेस्ट नाईल विषाणूची लागण झाली, की हीच कडी नसलेल्यांना त्रास होण्याचा धोका अधिक असतो, असे २००६ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात दिसले. कारण ही कडी मुळात एचआयव्हीसाठी नाहीच. संसर्गाच्या जागी पांढऱ्या पेशींना बोलावून आणण्याचे काम तिचे.

क्रोन पुढेही संशोधनाला रक्त देत राहिले. २०१३ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांनी स्वतःच आयुष्य संपवले. इतके जण गेले आणि आपण मागे उरलो, हा सल त्यांना होता, असे जवळचे लोक सांगतात.